बिभा अंधुक नाही

दरवर्षी २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की एक पोस्ट फिरायला लागते. काळ्याभोर आकाशात चमचमणारा भलामोठा तारा, शेजारी एका बाईंचा कृष्णधवल फोटो आणि खाली मजकूर: या भारतीय शास्त्रज्ञ महिलेच्या नावाने आकाशात तारा आहे, अभिमान असेल तर पुढे पाठवा. लोक पुढे पाठवतात. हात जोडलेले इमोजी येतात, तिरंगे येतात. संध्याकाळपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

मला या पोस्टचा राग येतो. माहिती बरोबरच आहे, चित्र मात्र धादांत खोटं आहे. असा चमचमणारा तारा तिथे नाही. खरा तारा उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. आणि ज्या बाईंचं नाव त्याला दिलंय, त्याही आपल्याला अनेक दशकं दिसल्या नव्हत्या. मला या लेखात एवढंच म्हणायचंय की ताऱ्याचं न दिसणं आणि बाईंचं न दिसणं या दोन्हींना आपण ‘अंधुक’ असा एकच शब्द लावतो, आणि दोन्ही वेळा तो चुकीच्या जागी लावतो.

आधी तारा.

एचडी ८६०८१

ताऱ्याचं अधिकृत नाव ‘बिभा’. त्याआधी तो फक्त एचडी ८६०८१ होता. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेला २०१९ मध्ये शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने शंभराहून अधिक देशांना प्रत्येकी एक तारा आणि त्याभोवती फिरणारा एक ग्रह नाव देण्यासाठी वाटून दिला गेला. भारताच्या वाट्याला हा तारा आला. देशभरातून नावं मागवली, मतदान झालं आणि भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचं नाव ठरलं. बिभा म्हणजे आपली विभा, बंगाली उच्चारातली. अर्थ प्रकाश, तेज. ग्रहाला नाव मिळालं ‘संतमस’. नाव देणाऱ्यांनी त्याचा अर्थ ढगाळलेला असा सांगितला, ग्रहाच्या वातावरणाला उद्देशून. संस्कृतात या शब्दाचा जुना अर्थ चहूकडे पसरलेला अंधार असा आहे.

तारा आहे सेक्स्टन्स नावाच्या तारकासमूहात. त्याचा वर्णपटीय वर्ग एफ-८, म्हणजे पिवळसर पांढरा. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ६,००० केल्विन, आपल्या सूर्यापेक्षा थोडंसं जास्त. वस्तुमान सूर्याच्या साधारण सव्वापट. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं. संतमस हा ग्रह वजनाने गुरूच्या निदान दीडपट आहे आणि ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं एक वर्ष आपल्या सव्वादोन दिवसांतही बसतं. त्याचा शोध २००६ मध्ये जाहीर झाला. पण तो ग्रह म्हणून कुणाच्या दुर्बिणीत दिसला नव्हता. तो ताऱ्याला ओढतो, तारा किंचित मागेपुढे डुलतो, आणि त्या डुलण्याने ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा सरकतात. त्या सरकण्यावरून ग्रह आहे हे कळलं.

आता दिसण्याचा हिशेब करू. ताऱ्याची आपल्याला जाणवणारी तेजस्विता ‘प्रत’ या मापात मोजतात आणि हे माप उलटं चालतं: आकडा जितका मोठा, तारा तितका फिका. एक प्रत वाढली की प्रकाश सुमारे अडीच पटींनी कमी होतो. अगदी काळोख्या, स्वच्छ आकाशात धडधाकट डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. बिभाची प्रत ८.७ आहे. म्हणजे डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सगळ्यात फिक्या ताऱ्याच्याही बारा पट फिका. मुंबई-पुण्याच्या भर वस्तीत तिसऱ्या प्रतीचा तारा दिसला तरी नशीब म्हणायचं. त्या मापाने बिभा जवळपास दोनशे पट फिका पडतो.

इथपर्यंत ऐकलं की लोकांचा चेहरा पडतो. मी एका आकाशनिरीक्षण गटाबरोबर अधूनमधून गावोगाव जातो. दुर्बीण लावून द्यायची, रांग सांभाळायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची, असं माझं काम. शनीची कडी पाहून मुलं उड्या मारतात. बिभाची गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास विचारतं, “मग एवढा फालतू तारा कशाला दिला हो भारताला?”

‘फालतू’ हा शब्द मला सोडवत नाही, कारण त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

सूर्याला तिथे नेऊन ठेवा

समजा आपला सूर्य उचलला आणि बिभाच्या शेजारी, ३४० प्रकाशवर्षं दूर नेऊन ठेवला. तो किती प्रतीचा दिसेल? गणित सोपं आहे. उत्तर येतं जेमतेम दहावी प्रत. ज्याच्याकडे आपण डोळे वर करून बघू शकत नाही, ज्याला रोज सकाळी अर्घ्य देतात, ज्याच्यामुळे मे महिन्यात विदर्भात डांबर वितळतं, तो सूर्य तिथून बिभापेक्षाही फिका दिसेल. खऱ्या तेजात बिभा सूर्याच्या दुप्पट-तिप्पट आहे.

म्हणजे ८.७ हा आकडा ताऱ्याबद्दल जितकं सांगतो, तितकंच आपण कुठे उभे आहोत याबद्दल सांगतो. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ दोन आकडे वेगळे ठेवतात. तारा इथून कसा दिसतो, त्याची एक प्रत. आणि सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर मांडले तर तो कसा दिसेल, त्याची दुसरी, निरपेक्ष प्रत. दोन्हींची गल्लत पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण ती रोज करतो. ‘नाव ऐकलं नाही, म्हणजे काम मोठं नसणार’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलंय? मी तर बिभा चौधुरींबद्दलच ऐकलंय, तेही विज्ञानाची पदवी असलेल्या माणसांकडून.

काचेच्या पट्टीवरच्या रेघोट्या

म्हणून आता बाईंचा हिशेब.

बिभा चौधुरींचा जन्म १९१३ चा, कोलकात्याचा. १९३६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. त्या वर्षी त्या वर्गातून पास झालेल्या त्या एकट्या बाई. मग देबेंद्र मोहन बोस यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांवर काम सुरू केलं. अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतात आणि त्यातून नव्या कणांचा सडा पडतो. हे नवे कण पकडायचे कसे? प्रचंड यंत्रं त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी फोटोग्राफीच्या काचा घेतल्या, त्या दार्जिलिंगला आणि त्याहून वर, सुमारे १२,००० फुटांवरच्या संदकफूला नेऊन ठेवल्या आणि महिनोन्‌महिने तशाच राहू दिल्या. काचेवरच्या लेपातून एखादा कण गेला की तो आपल्या वाटेवर बारीक ठिपक्यांची रांग सोडतो. काचा उतरवायच्या, धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघोट्या मोजत बसायचं. रेघ कुठे वाकते, ठिपके कुठे दाट होतात, यावरून कणाचं वस्तुमान काढायचं.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे निबंध ‘नेचर’ मध्ये आले. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाचा कण या पद्धतीने मोजता येतो हे त्यांनी दाखवलं. पुढची पायरी होती अधिक संवेदनशील काचा. पण महायुद्ध चालू होतं, तशा काचा भारतात मिळेनात. काम तिथेच अडलं.

१९४७ मध्ये ब्रिस्टॉलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने हीच पद्धत सुधारलेल्या काचांवर वापरली आणि पायॉन नावाचा कण शोधला. १९५० चं नोबेल पॉवेलना मिळालं. बोस आणि चौधुरी यांनी ही वाट आधी दाखवली होती, याची नोंद पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आपल्या ग्रंथात केली.

चौधुरी युद्धानंतर मँचेस्टरला गेल्या, पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत. तिथे वैश्विक किरणांच्या मोठ्या सरींवर त्यांनी पीएच.डी. केली. ब्लॅकेटना नोबेल मिळालं ते १९४८ मध्ये. भारतात परतल्यावर होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. तिथे त्या १९५७ पर्यंत होत्या. पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत, विक्रम साराभाईंच्या काळात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत जमिनीखाली चाललेल्या वैश्विक किरणांच्या प्रयोगांशीही त्या जोडलेल्या होत्या. १९७१ मध्ये साराभाई गेले. माउंट अबूला पुढचा प्रयोग करायची त्यांची योजना होती, ती मंजूर झाली नाही. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कोलकात्याला परतल्या आणि तिथे शेवटपर्यंत काम करत राहिल्या. १९९१ मध्ये त्या वारल्या.

देशातल्या मोठ्या विज्ञान अकादम्यांनी त्यांना फेलो केलं नाही. २००८ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांवर ‘लीलावतीज डॉटर्स’ हा सुमारे शंभर जणींचा जाडजूड संग्रह निघाला, तोही एका अकादमीनेच काढलेला. त्यातही त्या नाहीत. त्यांचं पहिलं स्वतंत्र चरित्र आलं २०१८ मध्ये, राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांनी लिहिलेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी हा तारा.

म्हणजे आकाशात नाव लागेपर्यंत जमिनीवरच्या एकाही मोठ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

अरुंधती दाखवताना

आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवायची पद्धत आहे. भर दुपारच्या मुहूर्तावर गुरुजी मांडवाच्या छताकडे बोट करतात आणि सगळे मान हलवतात, ते सोडून द्या. पण यावरून संस्कृतात एक न्याय रूढ झाला आहे: स्थूलारुंधती न्याय. अरुंधती फिकी, एकदम दाखवली तर सापडत नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा आणि म्हणायचं, हीच अरुंधती. नजर तिथे स्थिरावली की सांगायचं, ही नव्हे, तिच्या बाजूला बघ, ती बारीकशी. ठळक तारा हा पत्ता सांगण्यापुरता असतो. तिथून पुढे सरकायचं, ही या न्यायाची अट आहे.

बिभा चौधुरींची गोष्ट आपण सांगतो तेव्हा ही अट मोडतो. बोस यांची सहकारी, ब्लॅकेटची विद्यार्थिनी, भाभांनी निवडलेली, साराभाईंच्या प्रयोगशाळेतली. चार ठळक तारे दाखवले आणि बोट तिथेच थांबलं. वरचा माझाच परिच्छेद पुन्हा वाचा. त्यातही ही चारही नावं आहेत, कारण त्यांच्याशिवाय पत्ता सांगता येत नाही. पण म्हणून तर काचा, ठिपके आणि रेघोट्यांबद्दल आधी लिहिलं. या बाई काय करत होत्या हे सांगितल्याशिवाय त्या कोणाबरोबर होत्या हे सांगण्याला काही अर्थ नाही.

आणि ‘पहिली महिला’ हे बिरुदही मला असंच वाटतं. टाटा संस्थेतली पहिली महिला, वर्गातली एकटी महिला. खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण ते त्यांच्या भोवतालच्या खोलीचं वर्णन झालं. त्या खोलीत किती पुरुष होते एवढंच त्यातून कळतं.

गंमत म्हणजे खुद्द या ताऱ्याच्या जुन्या नावातही हेच घडलेलं आहे. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर. हे ड्रेपर १८८२ मध्येच वारले. त्यांच्या नावाची तारकासूची उभी राहिली ती त्यांच्या पत्नी अ‍ॅना ड्रेपर यांनी हार्वर्ड वेधशाळेला दिलेल्या पैशांतून. आणि १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या सूचीतल्या सव्वादोन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण केलं अ‍ॅनी जंप कॅनन या बाईंनी. काचेच्या पट्ट्यांवर उमटलेले वर्णपट एकेक करून पाहत त्या प्रत्येक ताऱ्याला अक्षर आणि आकडा देत गेल्या. एफ-८ सारखी नावं द्यायची आजची रीत त्यांच्याच हातची. नाव मात्र ड्रेपर.

थोडं आणखी मागे जा. सेक्स्टन्स हा समूह नकाशावर आणला पोलंडच्या योहानेस हेवेलियस यांनी, सतराव्या शतकाच्या शेवटी. सेक्स्टंट हे त्यांचं कोन मोजायचं यंत्र. १६७९ च्या आगीत त्यांची वेधशाळा जळाली, त्या यंत्राची ही आठवण. हेवेलियस १६८७ मध्ये गेले. त्यांची तारकासूची पुरी करून १६९० मध्ये छापली ती त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं वेध घेणाऱ्या त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी.

समूह, सूची आणि तारा. तिन्ही ठिकाणी एकेका बाईचं काम आहे आणि बिभा हे नाव मिळेपर्यंत तिथे एकीचंही नाव नव्हतं. म्हणून हे नाव मला हवंच आहे. माझा वाद नावाशी नाही.

मग वाद कशाशी?

पहिला वाद ‘हुकलेलं नोबेल’ या आरोळीशी. चौधुरींवरचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ याच शब्दांनी सुरू होतो. ऐकायला बाईंच्या बाजूचं वाटतं, पण त्यात त्यांचं काम पुन्हा पॉवेल यांच्या पदकानेच मोजलं जातं. शिवाय ते काटेकोर नाही. काचेची पद्धत त्यांनी आधी वापरली हे निर्विवाद. पण त्यांनी मोजलेलं दोनशेच्या आसपासचं वस्तुमान आज आपण ज्याला म्युऑन म्हणतो त्याच्या जवळ जातं. पायॉन त्याहून जड, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७३ पट. ते दोन वेगळे कण आहेत हे १९४७ मध्ये स्पष्ट झालं. हे सांगितल्याने बाईंचं काम एक कणभरही कमी होत नाही. उलट, त्यांच्याकडे कोणत्या काचा होत्या आणि कोणत्या नव्हत्या हे कळतं. ज्याचा अभिमान बाळगायचा त्याचा तपशील माहीत असू नये, हा कसला अभिमान?

दुसरा वाद ‘तारा दिला, आता फिटलं’ या समाधानाशी. नाव देण्याला काही खर्च येत नाही. हल्ली तर काही वेबसाइट पैसे घेऊन ताऱ्याला तुमच्या प्रेयसीचं नाव देतात, वर चकचकीत प्रमाणपत्र. त्या नावाला खगोलशास्त्रात कवडीची किंमत नसते. बिभा हे नाव तसं नाही, ते अधिकृत आहे, जगभरच्या नोंदींत आहे. पण त्या नावाला आपण जर फक्त फॉरवर्ड करणार असू, तर आपण त्याचं तसलंच प्रमाणपत्र करून ठेवतो. बारावीच्या मुलांना कणभौतिकी शिकताना संदकफूच्या काचा भेटत नाहीत, तोवर काही फिटलेलं नाही.

कुणी म्हणेल, तारा आपण निवडला नव्हता, वाट्याला आला तो घेतला. बरोबर आहे. ज्यांच्याभोवती ग्रह सापडलेत पण ज्यांना रूढ नाव नाही असे तारे वाटायचे होते. डोळ्यांना ठळक दिसणारे बहुतेक तारे अरबांनी, ग्रीकांनी, आपल्या पूर्वजांनी केव्हाच नावं देऊन ठेवलेत. शिवाय त्या त्या देशातून लहान दुर्बिणीने तारा दिसावा याची काळजी घेतली होती. म्हणजे देणाऱ्यांनी तो दिसण्याजोगाच दिला. तो बघायचा की नाही, हे आपल्यावर सोडलं.

आणि इथे माझा तिसरा आणि सगळ्यात मोठा वाद आहे.

आकाश कुणी उजळवलं?

बिभा अंतरामुळे फिका दिसतो, त्याला आपण काही करू शकत नाही. पण तिसऱ्या प्रतीपासून सहाव्या प्रतीपर्यंतचं आकाश जे गेलं, ते अंतराने गेलेलं नाही. ते आपण घालवलं. रस्त्यावरचा दिवा रस्त्यावर पडावा एवढीच अपेक्षा असते. आपले दिवे बाजूला आणि वर प्रकाश फेकतात. चौकाचौकात हायमास्ट, त्यावर चारी दिशांना तोंड केलेले फ्लडलाइट. वरून प्रकाश ओतणारी होर्डिंग. रात्रभर जळणारी दुकानांच्या पाट्यांची पांढरी एलईडी. हा वर गेलेला प्रकाश हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि सगळ्या आकाशावर दुधी पडदा ओढतो. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. वीज वाचवायला आणलेल्या दिव्यांनी आकाश आणखी उजळलं, कारण वाचलेल्या पैशांत आपण आणखी दिवे लावले.

नगरसेवकाच्या वाढदिवसाला गावात हायमास्ट येतो आणि त्याला विकास म्हणतात. बाईमाणसाच्या सुरक्षिततेसाठी उजेड लागतो, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण जो उजेड ढगांवर पडतो तो कुणाही बाईच्या वाटेवर पडत नाही. उलट डोळे दिपवणाऱ्या झगमगाटाशेजारी सावली आणखी काळी होते. दिव्याला वरून झाकण घाला, तोंड खाली करा, प्रकाश पिवळसर ठेवा, मध्यरात्रीनंतर जाहिराती बंद करा. यात नवं तंत्रज्ञान लागत नाही, पत्र्याचा टोप लागतो.

हे होऊ शकतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. लडाखमध्ये हानलेला काळोखी आकाशाचं राखीव क्षेत्र आहे. छान आहे. पण रात्र ही वाघांसारखी राखीव जंगलात नेऊन जगवायची गोष्ट झाली, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हवी. ज्या अरुंधतीकडे आपण लग्नात बोट दाखवतो ती चौथ्या प्रतीची आहे. शहरात तिच्यापर्यंतसुद्धा नजर पोचत नाही. मग आठव्या-नवव्या प्रतीच्या बिभाचं काय घेऊन बसलात?

कसा बघायचा

म्हणून या विज्ञान दिनाला पोस्ट पुढे पाठवू नका. त्याऐवजी हे करा.

मार्च-एप्रिलमधली अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. शहरापासून निदान पन्नासेक किलोमीटर दूर, ज्या दिशेला दुसरं शहर नाही अशा जागी जा. पन्नास मिलिमीटरची साधी द्विनेत्री पुरते, पक्षी बघायला वापरतात तसली. तिचं एक भिंग अंधारात रुळलेल्या बाहुलीच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करतं. मोबाइल खिशात टाका. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास द्या. एकदा स्क्रीन पाहिली की ती सगळी कमाई जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रात्री नऊ-दहाच्या सुमारास सिंह राशीतली मघा शोधा, ती पहिल्या प्रतीच्या जवळपास, लगेच सापडते. हा आपला स्थूल तारा. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश झाकले जातात. मघापासून दक्षिणेकडे दीड मुठीहून जरा जास्त खाली या, किंचित पश्चिमेला. महाराष्ट्रातून हा भाग दक्षिणेला बराच उंच येतो, क्षितिजाच्या वर साधारण सदुसष्ट अंश, त्यामुळे डोंगर-झाडी आड येत नाही. तारकानकाशा घरून छापून न्या आणि लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघा. द्विनेत्री हलू देऊ नका, भिंतीला किंवा काठीला टेकवा. आणि थेट त्याच्याकडे न बघता नजर जरा बाजूला ठेवा. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाश चांगला पकडतो.

पिवळसर पांढरा दिसेल अशी आशा धरू नका. इतक्या कमी प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. एक राखाडी ठिपका दिसेल, शेजारच्या ठिपक्यांसारखाच. रंग वर्णपटातून कळतो, वस्तुमान गणितातून, ग्रह रेषांच्या सरकण्यातून. त्या ठिपक्यात काय आहे हे डोळ्याला कधीच कळणार नाही, ते शिकून घ्यावं लागतं. काचेच्या पट्टीवरच्या ठिपक्यांचंही असंच होतं.

तुमच्या डोळ्यात शिरणारा तो प्रकाश १६८० च्या दशकात निघाला. इथे संभाजी महाराजांचा काळ होता, तिकडे हेवेलियस नवरा-बायको आपल्या ताऱ्यांची यादी पुरी करत होते. बिभा चौधुरी जन्मल्या त्या वर्षी तिथून निघालेला प्रकाश अजून वाटेत आहे, तो २२५० नंतर पोचेल. त्याला बघायला तेव्हा कुणी उभं असेल की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी उभं राहायचं ठरवलं तर वर आकाश असावं, त्यांच्या पाठ्यपुस्तकात संदकफूच्या काचा असाव्यात, आणि ‘या कोण होत्या’ असं विचारल्यावर कुणीतरी चार मोठ्या पुरुषांची नावं सांगून थांबू नये. यासाठी तोपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या गल्लीतल्या दिव्याला टोप बसवायचा अर्ज उद्याही देता येतो.